अर्धघन, अर्धद्रव आणि विरूपण : शब्द कोणते घ्यावेत?

प्रश्न : अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंवरचा मजकूर मराठीत लिहितोय. यात बिलेट (धातूचा ओतीव दंडगोल ठोकळा) आधी दाबतात, मग तापवून अर्धवट वितळवतात. त्या अवस्थेला 'अर्धघन' म्हणू की 'अर्धद्रव'? आणि दाबण्याला 'विकृती' म्हटलं तर वाचणाऱ्याला रोग वाटेल का?

उत्तर : 'अर्धघन'च घ्या. अशा बिलेटात ३० ते ५० टक्के द्रव असला तरी ते आपला आकार धरून उभं राहतं, उचलून साच्यापर्यंत नेता येतं. सुरी घातली की मात्र लोण्यासारखं कापलं जातं. जोर लावला की वाहतं, सोडलं की घट्ट होतं. अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठात धातुशास्त्रज्ञ मर्टन फ्लेमिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा गुण प्रथम लक्षात आला, तोही कथिल-शिशाच्या मिश्रधातूत. 'अर्धद्रव' म्हटलं की ओतायची वस्तू डोळ्यांपुढे येते. 'अर्ध' म्हणजे इथे निम्मं नव्हे, अर्धवट.

'विकृती' परिभाषेत 'स्ट्रेन'साठी आहे, म्हणजे आकार किती बदलला त्याचं माप. कृतीला 'विरूपण' म्हणा. कारखान्यातल्या वाचकासाठी 'कोल्ड वर्किंग' (थंड अवस्थेत दाबून आकार बदलणं) सरळ लिहिलं तरी चालेल.

प्रश्न : पण आधी दाबायचंच कशाला, हे कळल्याशिवाय शब्द पक्का कसा करू?

उत्तर : रास्त आहे, सगळं त्यातच आहे. साध्या ओतकामात स्फटिक फांद्याफांद्यांचे वाढतात. धातू अर्धवट वितळला तरी त्या फांद्या एकमेकींत अडकतात आणि तो नीट वाहत नाही. आपल्याला हवेत गोल कण. थंड अवस्थेत दाबलं की स्फटिकांत दोष वाढतात, त्यांत ऊर्जा साठते. तापवताना तीच ऊर्जा नवे, बारीक कण घडवते. याला पुनर्स्फटिकीभवन म्हणतात. पुढे तापमान वितळण्याच्या पट्ट्यात शिरलं (७०७५ या क्रमांकाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा पट्टा साधारण ४७७ ते ६३५ अंश सेल्सिअस) की द्रव कणांच्या सीमांमध्ये झिरपतो, कण सुटे होतात आणि त्यांचे कोपरे विरघळून ते गोलसर होतात. जास्त वेळ तापत ठेवलं तर मात्र कण जाड होत जातात.

म्हणून तापवण्याच्या या टप्प्याला 'उष्णोपचार' (हीट ट्रीटमेंट) म्हणणं मला पटत नाही. उष्णोपचारात धातू सहसा घनच राहतो. इथे 'अंशतः वितळवणे' हवं. नमुना वाक्य देतो: 'थंड विरूपण केलेलं बिलेट तापवून अंशतः वितळवलं, तेव्हा द्रवात सुटे, गोलसर कण असलेली अर्धघन मिश्रधातू मिळाली.'