अँबियंट प्रत्यक्ष ऐकायला परदेशी जायचंय: कुठं, कधी, कसं?

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: [मंडळ] अँबियंट लाइव्ह, सातजणांची सहल

नमस्कार मंडळी,

मंडळातले सातजण पुढच्या वर्षभरात अँबियंट इलेक्ट्रॉनिक संगीत प्रत्यक्ष ऐकायला परदेशी जायचं म्हणताहेत. दोघं साठीपुढचे आहेत, त्यांतल्या काकांना श्रवणयंत्र आहे. सातांतच दहा वर्षांचं एक मूलही आहे. कुठं जायचं ते आवडत्या कलाकाराचा दौरा बघून ठरवावं की महोत्सव बघून? तिकीट आधी काढावं की व्हिसा? आणि बरोबर काय न्यावं? जाणकारांनी कृपया यादीवरच उत्तर द्यावं, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

---

प्रेषक: ध्वनिव्यवस्था गट
विषय: उत्तर: [मंडळ] अँबियंट लाइव्ह, सातजणांची सहल

ताई,

दौरा बघू नका आणि महोत्सवाचं नावही नंतर बघा. आधी दालन बघा.

या संगीतात ठेका नाही, शब्द नाहीत. एकेक स्वर मिनिट-मिनिट रेंगाळतो. त्यामुळे खोलीचा आकार, भिंतींचा दगड आणि स्पीकरांची मांडणी हा सगळा त्या संगीताचाच भाग होतो. एकच कलाकार दोन जागी ऐकला तर दोन वेगळ्या रचना ऐकल्यासारखं होतं. एखाद्या बारमध्ये दोन स्पीकरांवर लॅपटॉप वाजणार असेल, तर तेच घरी चांगल्या हेडफोनवर जास्त नीट ऐकू येतं. त्यासाठी विमानात बसायचं कारण नाही. जायचं ते घरी आणता न येणारं ऐकायला. अनेक स्पीकरांतून फिरणारा आवाज दोन चॅनेलच्या रेकॉर्डिंगमध्ये दाबून बसवला की तो आवाज उरत नाही.

खात्रीच्या जागा सांगतो. पॅरिसच्या जीआरएम या इलेक्ट्रॉनिक संगीतावर प्रयोग करणाऱ्या संस्थेचं अकूसमोनियम, म्हणजे स्पीकरांचा वाद्यवृंदच, संगीतकार फ्रांस्वा बेल यांनी १९७४ मध्ये उभा केला. वेगवेगळ्या आकारांचे आणि वेगवेगळ्या पोताचे सुमारे ८० स्पीकर रंगमंचावर आणि श्रोत्यांभोवती मांडलेले असतात. मंचावर वादक नसतो. प्रेक्षागृहाच्या मधोमध मिक्सरवर बसलेली व्यक्ती फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) सरकवत आवाज या स्पीकरांवरून त्या स्पीकरांवर नेते, आणि तेच वादन. तिथं पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका. मिक्सरच्या मागची दुसरी-तिसरी रांग धरा, कारण सगळा तोल तिथूनच जमवला जातो. २००५ पासून तिथं ‘प्रेझांस इलेक्ट्रॉनिक’ हा महोत्सव भरत आला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचं ऑडियम हे खास याच कामासाठी बांधलेलं छोटं नाट्यगृह आहे. खुर्च्या ४९ आणि स्पीकर १७६. काही स्पीकर छतात आहेत, काही चक्क जमिनीखाली. कार्यक्रम पूर्ण काळोखात होतो. काळोखाचा त्रास होणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं, कारण मधेच उठून बाहेर जाणं तिथं अवघड आहे.

न्यूयॉर्कच्या २७५ चर्च स्ट्रीटवर संगीतकार ला मॉन्टे यंग आणि चित्रकार मरियन झझीला यांचं ‘ड्रीम हाउस’ हे आवाज आणि प्रकाशाचं दालन १९९३ पासून आहे. हे दोघं पंडित प्राणनाथांचे शिष्य. प्राणनाथजी किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. तानपुरा लावून षड्जात बसायची सवय असलेल्या कानाला हे ठिकाण लगेच आपलंसं वाटेल. चपला बाहेर काढून गालिच्यावर बसायचं. खोलीत शुद्ध साइन स्वर (प्रत्येकी एकाच कंपनसंख्येचे) अखंड चालू असतात. मान थोडी वळवली तरी स्वरमेळ बदलतो, आणि तो भास नव्हे. १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते. आवाज भिंतींवरून परतून स्वतःतच मिसळला की जागोजागी मोठा आणि लहान होतो, आणि या दोन जागांतलं अंतर तरंगलांबीच्या पाव हिश्श्याएवढं, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. तेवढं डोकं सरकलं की स्वर बुडतो किंवा वर येतो. तेव्हा अर्धा तास एका जागी स्वस्थ बसा, मग अगदी सावकाश खोलीभर फिरा. आठवड्यातले ठरावीकच दिवस ते उघडं असतं. वेळापत्रक आधी बघा आणि विमानाचं तिकीट त्याला धरून काढा.

त्याच शहरात टाइम्स स्क्वेअरला ब्रॉडवेवर ४५व्या आणि ४६व्या रस्त्यांच्या मधे पादचारी बेटावर एक लोखंडी जाळी आहे. तिच्याखाली मॅक्स न्यूहाउस यांची ध्वनिरचना चोवीस तास चालू असते. ती १९७७ मध्ये बसवली, १९९२ मध्ये बंद झाली आणि २००२ पासून पुन्हा सुरू आहे. तिथं पाटीबिटी काही नाही. घंटेच्या घुमाऱ्यासारखा आवाज जाळीतून वर येतो. रहदारी कमी असताना, पहाटे गेलात तर तो सुटा ऐकू येतो.

बर्लिनचं क्राफ्टवेर्क हे १९९७ मध्ये बंद पडलेलं औष्णिक वीजकेंद्र. अफाट काँक्रीटचं दालन आहे, त्यामुळे आवाज बराच वेळ विरत नाही. सावकाश बदलणारे ड्रोन (तानपुऱ्यासारखे अखंड लांबवलेले स्वर) तिथं फुलतात, पण भराभर टिपके टाकणारं संगीत चिखल होऊन जातं. कलाकार निवडताना हा विचार करा. १९८२ मध्ये सुरू झालेला, १९९० नंतर थांबलेला आणि २०१३ मध्ये परतलेला ‘बर्लिन अटोनल’ इथंच होतो. हल्ली तो वर्षाआड असतो. विषम साल असेल तरच त्याच्या नादी लागा.

---

प्रेषक: प्रवास-कागदपत्रं बघणारी एक सदस्य
विषय: उत्तर: उत्तर: [मंडळ] अँबियंट लाइव्ह

> आधी दालन बघा.

दादांचं म्हणणं मान्य, पण सातजणांच्या गटाला एका रात्रीच्या दालनासाठी एवढा प्रवास परवडत नाही. महोत्सवात पाच दिवसांत चार-पाच वेगवेगळ्या इमारती ऐकायला मिळतात. जानेवारीअखेर बर्लिनचा सीटीएम, एप्रिलमध्ये हेगचा रिवायर, ऑगस्टअखेर माँट्रियलचा म्युटेक, ऑक्टोबरमध्ये क्राकोवचा अनसाउंड. या चारांत नाच-क्लबचं संगीतही भरपूर असतं, म्हणून पास घेण्याआधी चर्च आणि बसून ऐकायच्या सभागृहांतले कार्यक्रम किती आहेत ते मोजा. तीनांपेक्षा कमी असतील तर सोडून द्या.

लोक फसतात ते इथं. पास काढला म्हणजे प्रत्येक कार्यक्रमात जागा मिळालीच असं नसतं. चर्चमध्ये दोन-तीनशेच माणसं मावतात, आणि अग्निशमनाच्या नियमानं त्यापुढे दार बंद होतं. अशा कार्यक्रमांना बहुतेक वेळा वेगळी नोंदणी लागते आणि ती शेवटच्या काही आठवड्यांत उघडते. महोत्सवाच्या पत्र-यादीत आजच नाव घाला. दिवसवार वेळापत्रकही उशिरा येतं, म्हणून एका दिवसाचं तिकीट घाईनं घेऊ नका.

तिकीट आधी की व्हिसा, याचं उत्तर असं. महोत्सवाचा पास आधी घ्या, पण नाव बदलून दुसऱ्याला देता येणारा. त्याची प्रत प्रवासाचा हेतू दाखवायला अर्जाला जोडता येते. विमान आणि हॉटेल मात्र रद्द करता येईल असंच आरक्षित करा.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. दोन देश करणार असाल तर जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला असावा, परतीच्या तारखेपुढे तीन महिने वैध असावा आणि दोन पानं कोरी असावीत. भेटीची वेळ मिळणं हीच मोठी अडचण असते, त्यामुळे सातही जणांच्या वेळा एकाच दिवशी धरायला बसू नका.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परत येणं. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्याची तारीख तपासा. मुदतवाढीच्या मंजुरीचा आय-७९७ कागद राहायला पुरतो, परत शिरायला पुरत नाही. शिक्का संपला असेल तर युरोपची सहल म्हणजे आधी वकिलातीची सहल. फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवस वा त्याहून कमी राहिलात, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) वैध असला आणि तिथं नव्या व्हिसासाठी अर्ज केला नाही, तर संपलेल्या शिक्क्यावर परतता येतं. अशांना माँट्रियल सोपं. कॅनडाचा स्वतःचा व्हिसा मात्र वेगळा लागतोच.

---

प्रेषक: मंडळातील एक श्रवणतज्ज्ञ
विषय: उत्तर: अँबियंट लाइव्ह, कानांबद्दल

मंडळी,

‘अँबियंट’ म्हणजे मंद, ही समजूत मनातून काढा. ड्रोनचे कार्यक्रम छातीत जाणवतील इतके मोठे असतात, आणि ठेका नसल्यानं आवाज वाढलाय हे कळतही नाही.

कानांना धोका न होता दिवसाला किती वेळ ऐकता येतं, त्याचा हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास, ८८ चार तास, ९१ दोन तास, ९४ एक तास, १०० फक्त १५ मिनिटं. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. जर्मनीतल्या मानकाची मर्यादा ३० मिनिटांच्या सरासरीनं ९९ आहे. फ्रान्समध्ये १५ मिनिटांच्या सरासरीनं १०२, आणि खर्जासाठी सी-मापानं वेगळी ११८. हे वेगळं माप का? नेहमीचं ए-माप ५० हर्ट्झच्या स्वराला ३० डेसिबल कमी दाखवतं. फोनवरच्या अॅपमध्ये ८५ दिसलं म्हणजे सुरक्षित, असं खर्जाच्या ड्रोनबाबत म्हणता येत नाही.

कानबोळे (इअरप्लग) स्पंजचे नकोत. ते तार स्वर खाऊन टाकतात आणि सगळं घोंगडीतून ऐकल्यासारखं येतं. संगीतकारांसाठीचे, सगळ्या पट्टीत सारखे १५ ते २० डेसिबल कमी करणारे घ्या. सुटे स्पंजचेही जवळ ठेवा. ते बारीक वळायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत घालून फुगेपर्यंत ३० सेकंद दाबून धरायचं. नुसते टोचून ठेवले तर निम्माही उपयोग होत नाही.

आता बसायच्या जागेबद्दल थोडा मतभेद. मिक्सरजवळ बसा हे बहुस्पीकरी दालनात बरोबर आहे. पण ज्या दालनात पुढे स्पीकरांचे दोनच मोठे स्तंभ आणि सबवूफर (खर्जाचे स्पीकर) असतील तिथं आधी चालून बघा. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळपास ७ मीटर. सपाट भिंतीला टेकलात तर खर्ज सर्वांत जड, तिथून १.७ मीटर पुढे आलात की तोच स्वर जवळजवळ नाहीसा होतो. कोपऱ्यात तर दोन भिंतींचा खर्ज एकत्र येतो, तिथं मुळीच बसू नका. आणि लांब प्रतिध्वनीच्या चर्चमध्ये मागं सरकून आवाज कमी होईल ही आशा ठेवू नका. एका अंतरापुढे आवाज कमी होत नाही, फक्त धूसर होतो. तिथं कानबोळेच कामाचे.

विमानातून उतरल्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका. विमानात आठ-दहा तास ८० डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो, त्यावर मात करायला लोक इअरफोन आणखी मोठा करतात. उतरताना कानाला दडे बसले तर मध्यकर्णाचा दाब एक-दोन दिवस सारखा होत नाही. सर्दी असेल तर आणखी वेळ लागतो. पूर्वेकडे गेलात तर शरीराचं घड्याळही दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. दोन रात्री मोकळ्या ठेवा.

रात्रभराचे कार्यक्रम खाटेवर किंवा सतरंजीवर पडून ऐकायचे असतात. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं आणि काँक्रीटची जमीन पाठीतून ऊब ओढते. अंगावरच्या पांघरुणापेक्षा पाठीखालची जाड चटई महत्त्वाची.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: उत्तर: कानांबद्दल

डॉक्टर, मनापासून आभार. काका विचारताहेत, श्रवणयंत्र घालून बसावं की काढून? आणि मुलाचं काय?

---

प्रेषक: मंडळातील एक श्रवणतज्ज्ञ
विषय: उत्तर: उत्तर: कानांबद्दल

काकांनी निघण्यापूर्वी यंत्रात संगीताचा वेगळा प्रोग्रॅम भरून घ्यावा. त्यात गोंगाट कमी करणारी सोय पूर्ण बंद हवी. ती सोय एकसारख्या चालू आवाजाला पंख्याची घरघर समजते आणि दाबून टाकते, म्हणजे नेमका ड्रोनच गायब. शिटी रोखणारी सोयही शक्य तितकी सौम्य ठेवावी. लांबलेला शुद्ध स्वर ती यंत्राचीच शिटी समजते आणि त्याला कंप आणते. काकांना स्वर थरथरल्यासारखा वाटला तर दोष कलाकाराचा नसेल. आवाज फार मोठा झाला तर यंत्र नुसतं बंद करून कानात ठेवू नये. ते काढावं आणि कानबोळे घालावेत.

मुलाला कान झाकणारे मफ द्या. लहान कानात कानबोळे नीट बसत नाहीत. रात्रीच्या कार्यक्रमांना अनेक ठिकाणी १८ वर्षांची अट असते, म्हणून त्याच्यासाठी दुपारचे कार्यक्रम निवडा. लखलखते दिवे आणि कृत्रिम धूर असणार का, हे आयोजकांना लिहून विचारा. फिट येणाऱ्यांना दिव्यांचा आणि दमेकऱ्यांना धुराचा त्रास होतो.

---

प्रेषक: प्रवास-कागदपत्रं बघणारी एक सदस्य
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: कानांबद्दल

दोन गोष्टी राहिल्या. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा, १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० मिलिअँपिअर-तास. चेक-इनच्या बॅगेत सापडली तर काढून घेतात. रेकॉर्डर नेणार असाल तर आधी परवानगी विचारा. शांत कार्यक्रमात त्याचा बारीक लाल दिवासुद्धा शेजाऱ्याला खुपतो.

दुसरं, पास हाती आला की त्यावर पुनःप्रवेशाची अट वाचा. एकदा बाहेर पडलं की परत आत नाही, असं असेल तर मूल आणि त्याच्याबरोबरचा एक मोठा माणूस यांची राहण्याची सोय दालनापासून चालत जाता येईल अशा अंतरावर घ्या. उरलेल्या पाचांनी शेवटच्या गाडीची वेळ आताच लिहून ठेवा.