मदत हवी आहे : एलईडी-फोटोडायोडची दुतर्फा लिंक, आपलाच उजेड आपल्याला दिसतो

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. घर आणि पंपाची खोली यांत दहा-बारा मीटर अंतर, मधे आडोसा नाही. तार टाकली की पावसाळ्यात विजा कडाडल्यावर एखादा बोर्ड जळतोच. म्हणून आता निरोप उजेडावर. घरून ‘पंप चालू कर’, तिकडून ‘झाला’ किंवा ‘पाणी नाही’. वेग अजिबात नको. (वायफाय सुचवू नका, खोली पत्र्याची आहे.)

दोन्हीकडे अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), ९४० नॅनोमीटरची इन्फ्रारेड एलईडी (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची) आणि ३८ किलोहर्ट्झचा टीएसओपी रिसीव्हर (सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा उजेडच फिल्टर करून पकडणारा, टीव्हीत रिमोटसाठी असतो तसा). संध्याकाळी झकास चालतं. पण पाठवताना आपलाच रिसीव्हर आपलीच एलईडी पकडतो. काळी नळी घातली तरी पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येतोच. सध्या पाठवताना ऐकणं बंद ठेवतो, तरी दोघं एकदम बोलले की दोन्ही निरोप वाया. एका दिशेला ३८ आणि दुसऱ्या दिशेला ५६ किलोहर्ट्झ ठेवलं तर भागेल का? इतक्या जवळचा उजेड रिसीव्हरच्या फिल्टरमधूनही शिरेल अशी मला शंका आहे. कोणी करून पाहिलंय?

दुसरं म्हणजे दुपारचं ऊन. टीएसओपीऐवजी बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोडवर (उजेड पडला की करंट देणारा भाग) ऑप-अँप (तो सिग्नल वाढवणारी चिप) लावून पाहिला, तर उन्हात आउटपुट वर जाऊन चिकटतं. फीडबॅकचा रेझिस्टर (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा) कमी करू, की भिंग लावून नजरच अरुंद करू? आणि आमच्याकडच्या जुलैच्या झडीत उजेड कितपत पोचतो?