जादुई वास्तववादात 'मी'च हरवतो अशी पुस्तकं सुचवा

निळीशाई
नमस्कार मंडळी. मार्केझचं 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' नुकतंच संपवलं आणि त्यातला निद्रानाशाच्या साथीचा भाग काही केल्या डोक्यातून जात नाहीये. माकोंदो गावात सगळ्यांची झोप उडते, आधी लोक खूश की चला कामाला वेळ मिळाला, पण घरात कामाला असलेली व्हिसितासिओन सांगून ठेवते की झोप जाणं हे काहीच नाही, पुढे लहानपणच्या आठवणी जातात, मग वस्तूंची नावं, मग माणसं आणि शेवटी आपण कोण तेही. मग आउरेलियानोला एक दिवस ऐरणीचं नाव आठवेना, तो तिच्यावर चिठ्ठी चिकटवतो, आणि बघता बघता गावभर चिठ्ठ्या, गायीच्या गळ्यातसुद्धा पाटी की ही गाय, हिचं रोज सकाळी दूध काढायचं.

आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्ही डब्यांवर अशाच चिठ्ठ्या लावल्या होत्या. ती 'साखर' बरोबर वाचायची आणि मग विचारायची, हिचं काय करतात गं? ते पान आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले.

तर असं काही सुचवा, ज्यात माणूस स्वतःला हरवतो पण ते आजारपण म्हणून सांगितलेलं नाही, रोजचं जग चालू आहे आणि त्यातच हे होतंय. भाषा कुठलीही, फक्त राजे-ड्रॅगनवाली फॅन्टसी नको.

रानवाट
हुआन रुल्फोचं 'पेद्रो पारामो' (१९५५), डोळे झाकून घ्या. आईला शब्द दिलाय म्हणून मुलगा बापाला शोधत कोमाला गावात येतो, गावात नुसती कुजबुज, भेटेल तो मेलेला निघतो, आणि साधारण मध्यावर आपल्या लक्षात येतं की जो आपल्याला हे सांगतोय तोही पुरलेला आहे आणि शेजारच्या बाईशी बोलतोय. छोटंसंच आहे पण दोनदा वाचावं लागतं, मार्केझनेही पहिल्याच रात्री दोनदा वाचलं होतं. कोण कधी बोलतंय याची वही करत बसू नका, पहिल्या वेळी नुसतं ऐका.

पानगळ
+१ रुल्फोला. एक कथाही सुचवते, कोर्तासारची 'अ‍ॅक्सोलोत्ल'. पॅरिसच्या बागेतल्या मत्स्यालयात एक माणूस रोज अ‍ॅक्सोलोत्ल नावाचे पाण्यातले सॅलॅमँडर बघायला जातो आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की आता मी अ‍ॅक्सोलोत्ल आहे. लपवाछपवी नाही तरी काचेच्या कुठल्या बाजूला आपण आहोत ते शेवटपर्यंत कळत नाही. अर्ध्या तासाचं वाचन.

कोरा कागद
रश्दींचं 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१) कुणीच कसं नाही सुचवलं? आपल्या मुंबईतलं आहे, संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चासुद्धा आहे त्यात. नायक सलीमची अदलाबदल जन्मतःच नर्सिंग होममध्ये होते, म्हणजे ओळख पहिल्याच दिवशी उसनी. १९६५च्या युद्धात चांदीची पिकदाणी डोक्यात बसते आणि नाव-गाव सगळं जातं, मग पाकिस्तानी लष्कर त्याला माग काढणाऱ्या कुत्र्यासारखं वापरतं. सुंदरबनात साप चावल्यावर आठवणी परत येतात, नाव तेवढं येत नाही, ते ढाक्यात पार्वती त्याला हाक मारते तेव्हा मिळतं. निळीशाई, तुमच्या आजीचं वाचून हेच आठवलं, की नाव दुसऱ्या कुणीतरी घ्यावं लागतं. पुस्तक जाडजूड आहे, पहिली शंभर पानं सोडू नका.

रानवाट
अजून एक. माकोंदोत विसरण्याची साथ दोनदा येते असं मला वाटतं. केळीच्या कंपनीच्या संपकऱ्यांवर गोळीबार होतो, त्यातून वाचलेला होसे आर्कादियो सेगुंदो गावात परततो तर लोक म्हणतात, इथे कुणी मेलंच नाही. कोलंबियात सिएनागाला डिसेंबर १९२८ मध्ये खरोखर असा गोळीबार झाला होता. पहिल्या साथीला जिप्सी मेल्कियादेसचं औषध तरी होतं. ते प्रकरण या नजरेने परत वाचा.

पानगळ
विजयदान देथांची 'दुविधा' पण बघा, लोककथाच आहे खरी, पण भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरात राहतं आणि खरा नवरा परत आल्यावर त्यालाच सिद्ध करावं लागतं की मी मीच आहे.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट, गोळीबाराचं प्रकरण आज रात्रीच परत काढते, मी ते फक्त राजकारण म्हणून वाचलं होतं. कोरा कागद, आजी शेवटी मला ओळखत नव्हती पण मी 'माई' म्हटलं की मान वळवायची. पार्वतीचा प्रसंग साधारण कितव्या भागात आहे?