मिरजेहून वडिलांना परवा घरी नेतोय. बिडी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून फोनवरची मदत कुणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी,

माझे वडील, वय 62. आठ दिवसांपूर्वी छातीत दुखलं म्हणून मिरजेला ॲडमिट केलं. ॲन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवलाय. गाव तासगाव तालुक्यात, दीड एकर द्राक्षबाग. आबा चाळीस वर्षं बिडी ओढतात, दिवसाला एक बंडल ठरलेलं.

दवाखान्यात त्यांनी बिडीला हात लावलेला नाही. पहिले तीन दिवस फार चिडचिड झाली, सिस्टरांवरही ओरडले, मग निवळले. डॉक्टर राऊंडला येऊन "आता बिडी बंद" म्हणतात, पण ती बंद ठेवायची कशी हे सांगायला वॉर्डात कुणाला वेळ नाही.

मला भीती घरची आहे. तिथे पहाटेचा चहा आहे, पारावरची मंडळी आहेत, आणि रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला जाताना खिशात काडेपेटी असतेच. माझे चुलते बायपासनंतर पंधराव्या दिवशी परत ओढायला लागले. आज ते नाहीत.

बंडलाच्या कागदावर 1800-11-2356 हा क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सरकारी सेवेचा, फुकट नंबर असतो. मिस्ड कॉल दिला की मेसेज येतात अशीही सरकारी सोय आहे, पण आबांचा बटणांचा फोन, आणि मेसेज ते उघडतच नाहीत. बोलायला मात्र आवडतं. क्विटलाइनवर मराठीत बोलतात का? नंतर स्वतःहून फोन करतात का? मी पुण्यात असतो, आणि आईने बिडीचा विषय काढला की भांडण होतं.

प्रतिसाद (कराडहून):
मराठीत बोलतात. दिल्लीनंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही केंद्र झालं. सकाळी 8 ते रात्री 8, सोमवारी बंद. डिस्चार्जची वाट बघू नका, खाटेवरूनच लावा आणि फोन आबांच्या हातात द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. पुढचे फोन तेच करतात. दवाखान्यात समजावून सांगितलं आणि सोडून दिलं तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, घरी गेल्यावर निदान महिनाभर पाठपुरावा लागतो. माझ्या भावाच्या वेळी हे डोळ्यांनी पाहिलंय. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी बोलतं ठेवायला हवं. निकोटिनचा गम द्यायचा तर हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि एक, बिडी सुटली म्हणून तंबाखू-चुना किंवा मिश्री सुरू होत नाही ना, यावर लक्ष ठेवा. भावाचं तेच झालं होतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आज दुपारी लावला. आबा बराच वेळ बोलले. उठल्यावर किती वेळाने पहिली बिडी ओढता, असं विचारलं त्यांना. आबा म्हणाले, "चूळ भरायच्या आधी." चाळीस वर्षांत आम्ही कुणी हे विचारलं नव्हतं. पुढचा फोन शनिवारी येणार आहे.

आबा साडेपाचला उठतात आणि क्विटलाइन आठला सुरू होते. मधल्या वेळेत रोज मी फोन करणार आहे. पहाटे तलफ आलेल्या माणसाशी काय बोलावं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.