लिंक दिली की झालं? नाही हो

एकांनी म्हटलंय की संशोधनाच्या पेपरमध्ये गिटहबची (कोड ठेवून त्यावर काम करायची वेबसाइट) लिंक टाकली की कोड साईट झाला, म्हणजे त्याचा नीट संदर्भ दिला गेला, त्यावर थोडं.

आमच्या रत्नागिरीतलीच गोष्ट, मिऱ्याच्या किनाऱ्याची धूप मोजायला मी एका जुन्या पेपरातला कोड शोधत होतो, लिंक होती गूगल कोडची (गिटहबसारखीच गूगलची सेवा) आणि ते दुकान २०१६ लाच बंद झालेलं, लेखकाला मेल केला तर तोही बाऊन्स, मग काय, बसलो पेपरातली समीकरणं बघून परत सगळं लिहीत, अख्खा पावसाळा गेला त्यात (लाईट जायची ती वेगळीच).

तर गिटहब ही काम करायची जागा आहे, जपून ठेवायची नव्हे, मालकाने उद्या रेपो (तिथला कोडचा फोल्डर) उडवला की संपलं. झेनोडोला (संशोधनाच्या फाईली जपून ठेवणारा ऑनलाइन संग्रह) जोडलंत तर प्रत्येक रिलीजला, म्हणजे जाहीर केलेल्या व्हर्जनला, वेगळा डीओआय (कायमचा ओळख-नंबर) मिळतो, शिवाय सगळ्या व्हर्जनचा मिळून एक. पण मला जास्त आवडतं ते सॉफ्टवेअर हेरिटेज, कोड जपून ठेवणारा संग्रह, फ्रान्सच्या इन्रिया या संगणक-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला. तिथला ओळख-नंबर कोडमधूनच हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) काढून बनतो, एक स्वल्पविराम हलला तरी नंबर वेगळा, त्यामुळे हीच ती फाईल का हे कुणालाही स्वतः तपासता येतं, अगदी ठरावीक ओळींकडेही बोट दाखवता येतं. आणि दुसऱ्याचा पब्लिक रेपोसुद्धा तिथे सेव्ह करायला सांगता येतो, मालकाची वाट बघत बसायला नको.

साईटेशनची सीएफएफ फाईल (कोडचा संदर्भ कसा द्यायचा ते सांगणारी) मात्र रेपोत टाकाच, दहा मिनिटांचं काम, नाहीतर लोक नावं कशीही लिहितात.