बाकाखाली लपण्याची ड्रिल : हवी की नको?

कोथरूडचा_बाबा
मुलीच्या शाळेत परवा पालकसभा झाली. बंदूकधारी घुसला तर काय, याची ड्रिल घेणार म्हणे. कडी लावा, दिवे बंद, बाकाखाली शिरा. घ्या ना, पण हे अर्धंच झालं. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि तिथल्या शिक्षण खात्याने 37 शालेय हल्ले तपासून 2002 मध्ये अहवाल दिला. 81 टक्के घटनांत निदान एकाला तरी आधीच कुणकुण होती, आणि तो बहुधा वर्गातला नाहीतर शाळेतलाच कुणीतरी. माथं भडकलं आणि उठला, असं क्वचितच. आधी कुणावर तरी डूख, मग तसं बोलून दाखवणं, मग शस्त्राची जुळवाजुळव. एकलकोंडा मुलगा म्हणजे धोका, असा ठरावीक साचा मात्र सापडला नाही. मुलांना कानावर आलेलं कुणाला सांगायचं, ते आधी ठरवा.

पेठेतला_पंत
तिथे दुकानात जाऊन रायफल घेता येते, इथे परवान्यासाठी चपला झिजतात. तिकडची भीती इकडे कशाला? आधी शाळेसमोरचा सिग्नल चालू करून घ्या.

वारजे_निखिल
पंत, कोयत्याला कुठे परवाना लागतो? आमच्या गल्लीतल्या दहावीच्या पोराच्या स्टेटसला कोयता, खाली 'उद्या बघतोच'. अख्ख्या वर्गाने बघितलं, बदामही टाकले. बाईंना त्याने ब्लॉक केलेलं. आणि बंदूकही लांब नाही. 2007 मध्ये गुडगावच्या शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गातल्याच दोघांनी गोळ्या घातल्या. पिस्तूल घरातलं.

बाई_आठवी_ब
'सांगा' म्हणणं सोपं आहे. एकाने वहीत बंदूक काढली, दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर त्याच्या आडनावावरून चर्चा! पोरगं पंधरा दिवस शाळेत फिरकलं नाही. वर्गात साठ मुलं, समुपदेशक आठवड्यातून एकदा. संशयाची यादी करायला आम्ही काय चौकीत बसतो?

कोथरूडचा_बाबा
बाई, नुसत्या चित्राला मीही घाबरणार नाही. पण अमेरिकेत मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड शाळेचं बघा, नोव्हेंबर 2021. गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं चित्र आणि मदत मागणारे शब्द. शाळेने आईबापांना बोलावलं. बापाने चारच दिवसांपूर्वी पिस्तूल घेतलं होतं, त्याबद्दल ते दोघं बोलले नाहीत, दप्तर कुणी उघडलं नाही आणि पोरगं परत वर्गात. दोन-अडीच तासांत गोळीबार, चार विद्यार्थी गेले. 2024 मध्ये आईबाप दोघंही सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. राग कुणावर आहे आणि हाताशी शस्त्र आहे का, एवढं तरी विचारा. त्याला आडनाव लागत नाही.

एसटी_निवृत्त
घडून गेल्यावर सगळेच शहाणे. 25 जानेवारी 2012, स्वारगेट. चालकाने डेपोतली बस पळवून नऊ जणांना चिरडलं. त्याआधी ड्युटी बदलून मागितली होती, मिळाली नाही. अहो, डेपोत असं नाही कुणाला ऐकावं लागत? मीही टेबलावर मूठ आपटून आलोय. ह्यातलं लक्षण कुठलं, ते आधी ओळखून दाखवा.

वारजे_निखिल
काका, नुसत्या रागावरून नाहीच ओळखता येत, मान्य. पण 'उद्या बघतोच' लिहिणाऱ्याला आज विचारायला काय जातं?

बाई_आठवी_ब
विचारू. फक्त मुलांनी कुणाला सांगायचं, तिथे नाव मुख्याध्यापकांचं ठेवू नका, तिथे कुणी पाऊल टाकत नाही. आमच्याकडे मुलं मनातलं सगळं व्हॅनवाल्या काकांना सांगतात. त्यांना बोलवा पुढच्या सभेला.