मदत हवी आहे: नववीतल्या मुलीसाठी 25 हजारांत लॅपटॉप (इंदूर)

सुदामानगरची आई
मुलगी सीबीएसईत नववीला आहे. माहिती तंत्रज्ञान (402) विषय घेतलाय, म्हणजे लिब्रेऑफिस (लेखन आणि तक्त्यांचं सॉफ्टवेअर), प्रोजेक्ट, पीडीएफ आणि अधूनमधून ऑनलाइन क्लास. गेम नाहीत. आरएनटी मार्गावर दोन दाखवले. एक कोरा: सेलेरॉन, 4 जीबी रॅम, 64 जीबी ईएमएमसी. दुसरा ऑफिसातून निघालेला, "आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून न्या" म्हणाले. कुठला घेऊ?

रामबागकर
ताई, तो कोरा घेऊ नका. ईएमएमसी म्हणजे साठवणुकीची चिप, ती मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते, बदलता येत नाही. 64 जीबीतली बरीचशी जागा विंडोज 11 स्वतःच खातं. मग मोठं अपडेट आलं की जागा नाही म्हणून अडतं आणि तुम्ही फोटो पुसत बसता. 4 जीबीत क्लास, चार टॅब आणि लिब्रेऑफिसचं रायटर एकदम उघडलं की बाईंचा आवाज तुटायला लागतो. दोष नेटला दिला जातो, कमी पडते ती रॅम. 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडी (वेगवान साठवण), याच्या खाली उतरू नका.

जुना घ्यायला हरकत नाही, पण प्रोसेसर नुसतं "आय-फाइव्ह" म्हणजे काहीच कळलं नाही. पुढचा आकडा विचारा. 8250यू असेल तर पहिला 8 म्हणजे आठवी पिढी. 4300यू चौथी. नाव मात्र दोन्हींचं आय-फाइव्हच.

सुदामानगरची आई
फोन करून विचारलं. 6300यू आहे. विंडोज 10 टाकून देतो, मस्त पळतं म्हणाले.

रामबागकर
मग सोडा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप). सहाव्या पिढीवर आडवाटेने बसवून देणारे आहेत, पण पुढचं मोठं अपडेट नीट बसेल याची हमी कोण घेणार? मुलीला बारावीपर्यंत चालवायचाय.

थिंकपॅड टी480, लॅटिट्यूड 5490 किंवा एलिटबुक 840 जी5 मागा. तिन्ही आठव्या पिढीत मिळतात आणि रॅमचे दोन-दोन स्लॉट असतात. आज 8 जीबीची एकच पट्टी असली तर उद्या दुसरी लावता येते. टी480एस मात्र वेगळा: त्यात थोडी रॅम सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच. नावात एका अक्षराचा फरक आहे, बिलावर नीट वाचा.

टिळकनगर_दुरुस्ती
पैसे देण्याआधी काउंटरवरच अर्धा तास घ्या. घाई करणाऱ्या दुकानातून उठून यावं.

आधी बंद लॅपटॉप सपाट काचेवर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला किंवा टचपॅड मधून वर आलेला दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते, हातही लावू नका. झाकण सावकाश उघडताना बिजागरीपाशी प्लास्टिक करकरतं का ऐका. तिथली भेग वाढतच जाते.

चालू केल्यावर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर किती स्लॉट भरलेत ते दिसतं आणि डिस्कखाली एसएसडी लिहिलेलं हवं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा (powercfg /batteryreport). जी फाइल बनते तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी ठेवून बघा. 50,000 ची 30,000 उरली असेल तर बॅटरी साठ टक्क्यांवर आलीय, नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. टी480 मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत, एक बाहेर. दोन्हींचे आकडे बघा.

दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणारं मूळ सॉफ्टवेअर) जुन्या कंपनीचा पासवर्ड तर नाही ना, हे बायोसमध्ये शिरून बघा. असेल तर तो दुकानदाराकडूनच काढून घ्या, घरी निघत नाही. दुसरं, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन. तिथे 'संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस'चा उल्लेख असला तर ते केएमएस, म्हणजे कंपन्यांसाठीचं ॲक्टिव्हेशन, आणि त्याची मुदत 180 दिवसांची. डिजिटल लायसन्स लिहिलेलं हवं.

बिल पक्कंच घ्या, त्यावर सिरियल नंबर, वॉरंटीचे महिने आणि बॅटरी-चार्जर त्यात धरलेत की नाही हे लिहवून घ्या. तोंडी वॉरंटी ही वॉरंटी नव्हे.

बडोद्याहून_वाचक
एवढं तपासायला सोबत कुणी नसेल तर कोऱ्याकडे जाण्यात चूक नाही, घरपोच वॉरंटीचं मोल आहे. रायझन 3 7320यू प्रोसेसरचा चालेल, पण त्यात रॅम सोल्डर केलेली असते. 8 जीबी घेतली की कायमची 8.

सुदामानगरची आई
भाऊ सोबत येतोय, जुनाच बघते. वेगळं मायक्रोसॉफ्ट ऑफिस विकत घ्यावं लागेल का? मराठी टायपिंगचं काय?

रामबागकर
402 ला लिब्रेऑफिसच शिकवतात, ते फुकट आहे, पैसे घालू नका. मराठी विंडोजमध्येच मिळतं: सेटिंग्ज, भाषा, मराठी जोडा. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी) असे दोन कीबोर्ड असतात. शिकायचंच तर इनस्क्रिप्ट, हिंदीचीही मांडणी जवळपास तीच, एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा. ल एन वर, आणि ळ शिफ्ट धरून त्याच एन वर.